तंजावरचा शिलेखाना आणि लोखंडाची खपली

तंजावरच्या राजवाड्यात नायकांच्या काळी उभारलेला आणि पुढे व्यंकोजीराजे भोसल्यांच्या वंशजांनी सांभाळलेला जो सुमारे १९० फूट उंचीचा गोपुरासारखा मनोरा आहे, त्यास आजही शस्त्रागार म्हणतात. परंतु भोसल्यांच्या शिलेखान्यातील ज्या थोड्या कट्यारी, पट्टे आणि फिरंगी पाती मद्रासच्या संग्रहालयात जाऊन वाचल्या, त्यांच्या मुठींवरील कोरीव यालींची (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्यांची) वाखाणणी करताना, हा उजाळा येण्यापूर्वी त्या पोलादाच्या अंगावरून काय काढून टाकावे लागले असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

लोखंड लाल होऊन भट्टीबाहेर आले की प्राणवायूच्या संयोगाने त्यावर निळसर-काळी खपली धरते. तिला तीन पदर असतात, आणि ती इतकी गुळगुळीत व टणक दिसते की अजाणत्यास ती निसर्गाने दिलेले कवचच वाटावे. वस्तुस्थिती उलट आहे. थंड होताना खपली आणि लोखंड सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, त्यामुळे खपलीस भेगा पडतात. भेगांत ओल शिरली म्हणजे विद्युत्-रासायनिक क्रियेने खपली शाबूत राहते आणि तिच्या फटीतले लोखंड मात्र खोल खड्डे पडत झिजते. अशा खपलीवर दिलेला रंग कितीही उंची असला तरी तो खपलीसह गळून पडतो.

शस्त्रे घडविणाऱ्यांस हे पुस्तकावाचून ठाऊक होते. खपलीवर छिन्नी व कानस बोथट होतात, आणि कोफ्तगारीत सोन्याची तार ठोकून बसविण्यासाठी पोलादावर ज्या बारीक रेघा ओढतात, त्या खपलीवर ओढल्या तर सोने तिच्याबरोबरच निघून येते. म्हणून लिंबाच्या वा चिंचेच्या आंबट पाण्याने ती सैल करावी, घासून काढावी, मग शिकलगाराने पाते सहाणेवर घ्यावे आणि अखेर हिराकशीच्या पाण्याने पोलादातील जौहर, म्हणजे अंगचे लहरदार वळसे, उमटवावे, अशी हिंदुस्थानातील पोलादकामाची रीत होती. या उजाळ्याची किंमत मात्र शिलेखान्याच्या चाकरीस कायमची मोजावी लागे, कारण उघडे पोलाद तेलाच्या हातावाचून एक पावसाळाही काढीत नाही.

राजवाड्याच्या पूर्वेस कोटावर पडलेली ‘राजगोपाल’ तोफ या बाबतीत अधिक बोलकी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीतील म्हणून सांगितली जाणारी ही सुमारे २५ फूट लांब आणि २२ टन वजनाची तोफ ओतीव नाही. लांब लोखंडी पट्ट्या जुळवून त्यांवर तापलेली कडी थरावर थर चढवून ती घडविली आहे. तापलेल्या दोन लोखंडांच्या मध्ये खपली राहिली तर जोड बसत नाही. म्हणून लोहार जोडावर वाळू टाकतो, ती खपलीशी मिळून पातळ मळी होते आणि घणाच्या घावासरशी बाहेर उडते. तोफ शतकानुशतके उघड्यावर राहूनही फारशी गंजलेली नाही, याचे श्रेय पूर्वजांच्या कोण्या गुप्त लेपास देण्याची हौस पुष्कळांस आहे. मला ते पटत नाही. दिल्लीच्या लोहस्तंभाप्रमाणेच या तोफेचाही अभ्यास करणारे धातुविद् आर. बालसुब्रमण्यम यांनी अशा, कोळशावर गाळलेल्या, लोखंडातील स्फुरदाकडे लक्ष वेधले आहे. या स्फुरदामुळे पृष्ठावर चिवट संरक्षक पटल धरते, आणि ते खपलीहून निराळे असते.

१८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूने राज्य खालसा झाले आणि पुढील काही वर्षांत शिलेखान्यातील बहुतेक हत्यारे मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. त्याच सुमारास, १८६१ साली, नागपट्टणमहून आगगाडी तंजावरास पोचली. तिच्यासोबत पुलांसाठी आलेले लोखंड घणाखाली नव्हे तर लाटण-यंत्रातून निघालेले असल्यामुळे त्यावरची खपली सलग होती, आणि ती हाताने घासून काढणे मजुरीस परवडणारे नव्हते. तेव्हा आंग्ल कारखानदारांनी पत्रे महिनोगणती उघड्यावर गंजत ठेवण्याची, नाहीतर पातळ केलेल्या अम्लात बुडविण्याची युक्ती काढली. मग पोलादी कुंचल्याने खरवडून जवसाच्या उकळलेल्या तेलात कालविलेला शेंदूर चढवीत. १८७० मध्ये टिल्घमन याने वाळूच्या झोताने पृष्ठ खरडण्याची कृती नोंदविली. वाळूच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे जातात हे अनुभवास आल्यावर तिची जागा बहुतांशी लोखंडी छर्ऱ्यांनी घेतली. पण कावेरीच्या काठच्या दमट हवेत छर्ऱ्यांनी उघडे केलेले पोलाद तासाभरात पिवळे पडू लागते, म्हणून रंगाचा पहिला हात त्याच पाळीत द्यावा लागतो.