कणगीतलं धान्य, दुकानातलं धान्य



तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगताना शेत, घर, सोनं यांच्या रांगेतच धान्य येतं. म्हणजे घरात किती धान्य भरायचं याचीही मर्यादा श्रावकाने ठरवायची. आपल्या शाहूवाडीत पूर्वीच्या बायकांना हे किती अवघड गेलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आपला तालुका डोंगराचा आणि मुसळधार पावसाचा. इथे पिकणार भात, नाचणी, वरी. ज्वारी, तूर, हरभरा देशावरून यायचा आणि मीठ कोकणातून घाट चढून, बैलांच्या पाठीवर. 1891 मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली खरी, पण ओढे भरले की वाडीवरच्या बाईला मलकापूरचा बाजारसुद्धा लांब. मग मृगाआधी बेगमी करायलाच लागे. डाळींना एरंडेल चोळायचं, कणगीत निंबाचा पाला घालायचा. एवढं करून श्रावणात टोके व्हायचेच. मग एकही जीव मरू नये म्हणून चाळत, निवडत बसायचं. साठवलं तर हिंसेची धास्ती, नाही साठवलं तर पोरं उपाशी!

आणि साठवण संपली की काय, ते 1896-97 च्या दुष्काळाने दाखवलं. शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला 2 एप्रिल 1894 ला, म्हणजे जेमतेम दोन-तीन वर्षं झालेली. दरबाराने धान्य मिळवून स्वस्त धान्याची दुकानं उघडली. आजच्या भरलेल्या दुकानाची थोरली बहीण मला हीच वाटते. पुढे 1972 च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. त्या पिढीतल्या कुणा आजीपुढे मिलोचं नाव काढून बघा, कसं तोंड करतात! ती अर्धपोटी राहणी म्हणजे ऊनोदर तप नव्हे. ऊनोदर करायला आधी ताट भरलेलं लागतं.

आज जुलैच्या पावसातही दुकानात मध्य प्रदेशचा गहू असतो. तूरडाळ तर कधी म्यानमार, कधी आफ्रिकेतल्या मोझांबिकमधून आलेली असते. पाकिटावर हिरवा ठिपकाही आला. (त्यात कांदा-लसूण नाही असं तो सांगत नाही, तेव्हा मागचं बारीक वाचाच.) तयार पीठ मात्र मी घेत नाही. पाकिटावर महिन्यांची मुदत असते आणि आपली मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. धान्य थोडं आणून थोडंच दळायचं, हे आता जमतं ते दुकान जवळ आहे म्हणूनच. कणगी आपल्यासाठी तेच सांभाळतंय.

माझं धान्याचं परिमाण एक महिन्याचं आहे. सासूबाई अजून मे महिन्यात विचारतात, "तांदूळ भरलास का गं?" त्यांना मी हसत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस मालाच्या गाड्या अडकून पडल्या. तेव्हापासून चातुर्मासापुरतं परिमाण मी दोन महिन्यांचं घेते.