ॲबिसिनिया मोहिमेची छायाचित्रे (१८६७-६८) : मुंबई लष्कराच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रास्ताविक

शनिवार पेठेपासून काही किलोमीटरवर असलेल्या खडकी येथे 'बॉम्बे सॅपर्स' या दलाचे केंद्र आहे. या दलाच्या युद्धसन्मानांत 'ॲबिसिनिया' हे नाव आढळते. आजच्या इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात झालेली ही मोहीम मुंबई लष्कराने पार पाडली. तिची छायाचित्रे आज ब्रिटनमधील संग्रहांत जतन केलेली आहेत. ऐतिहासिक साधन म्हणून या छायाचित्रांचे मोल काय आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोहिमेची पार्श्वभूमी

सम्राट थिओडोर दुसरा याने राणी व्हिक्टोरियास पाठविलेल्या पत्रास उत्तर मिळाले नाही. त्यामुळे संतापून त्याने ब्रिटिश वकील कॅमेरॉन व काही युरोपीय मिशनरी यांना कैदेत टाकले. त्यांच्या सुटकेसाठी मुंबई लष्कराचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांची नेमणूक झाली. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या जवळपास दुप्पट चाकरमंडळी, ४०,००० हून अधिक जनावरे व ४४ हत्ती असा हा पसारा होता. सैनिकांत ब्रिटिशांपेक्षा हिंदी शिपायांची संख्या अधिक होती. तांबड्या समुद्रावरील झुला बंदरापासून मगदलाचा डोंगरी किल्ला सुमारे ४०० मैल दूर होता. १० एप्रिल १८६८ रोजी आरोगे येथे लढाई झाली. १३ एप्रिलला मगदला पडले आणि थिओडोरने आत्महत्या केली.

छायाचित्रणाचे कार्य व तंत्र

रॉयल इंजिनिअर्सच्या दहाव्या कंपनीतील छायाचित्रकारांचे पथक सार्जंट जॉन हॅरल्ड यांच्या हाताखाली मोहिमेबरोबर होते. या पथकाचे मुख्य काम निसर्गदृश्ये टिपण्याचे नव्हते. भूमापकांनी काढलेल्या नकाशांच्या व रेखाटनांच्या प्रती छायाचित्रणाद्वारे तयार करून त्या अधिकाऱ्यांना पुरविणे, हे ते काम होते. अपरिचित पर्वतप्रदेशात पुढे सरकणाऱ्या सैन्यास अशा प्रतींची गरज तोफांइतकीच होती. म्हणजे येथे कॅमेरा प्रथम युद्धाचे उपकरण होता व नंतर स्मरणाचे साधन बनला.

त्या काळी काचेच्या पट्टीवर रासायनिक द्रव पसरून ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. रसायने, काचा, पाणी व अंधारा तंबू हे सर्व जनावरांच्या पाठीवरून न्यावे लागे. चित्र उमटण्यास काही सेकंद लागत असल्याने हालचाल टिपता येत नसे. म्हणूनच या चित्रांत खिंडी, छावण्या, किल्ला, सुटका झालेले कैदी व अधिकाऱ्यांचे समूह दिसतात; प्रत्यक्ष लढाई दिसत नाही. आरोगेच्या लढाईत सुमारे ७०० इथिओपियन मारले गेले, याचा सुगावाही या स्थिर, निःशब्द दृश्यांतून लागत नाही.

चित्राबाहेरील इतिहास

सुरू खिंडीतील रस्ता तयार करण्याच्या कामात मुंबईचे सॅपर्स होते. छायाचित्रात खिंड दिसते, पण तो रस्ता करणारे हात दिसत नाहीत. डोलीवाले, भिस्ती, खेचरवाले यांच्या बाबतीतही हेच घडले. अधिकाऱ्यांच्या चित्राखाली नावे येतात, तर हिंदी माणूस आलाच तर तो 'समूह' म्हणून येतो. विशेष म्हणजे मोहिमेतील हिंदी सैन्याचे नेहमीचे वेतन भारताच्या महसुलावर टाकण्यात आले. ज्या युद्धाशी येथील रयतेचा संबंध नव्हता, त्याचा भार तिने उचलला. चित्रांत या खर्चाची नोंद असणे शक्यच नव्हते. ती पार्लमेंटच्या ठरावात व हिशेबांत शोधावी लागते.

विजयानंतर मगदलाची लूट झाली. शेकडो हस्तलिखिते इंग्लंडला गेली. थिओडोरचा सात वर्षांचा पुत्र अलेमायेहू यालाही तेथे नेण्यात आले. १८६८ मध्येच ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी त्याची छायाचित्रे घेतली. त्या पोरक्या मुलाचा उदास चेहरा विजयाच्या साऱ्या दृश्यांहून अधिक बोलका आहे. १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी तो परक्या भूमीत मरण पावला. त्याचे अवशेष परत देण्याची विनंती २०२३ मध्येही बकिंगहॅम राजवाड्याने नाकारली.

समारोप

छायाचित्र हा निःपक्षपाती पुरावा असतो, हा समज या उदाहरणाने डळमळतो. कॅमेरा कोणाच्या हाती होता आणि चौकटीबाहेर कोण राहिले, हे प्रश्न विचारल्याखेरीज असे साधन अपुरे ठरते. मोहिमेचे अधिकृत वृत्तान्त, पार्लमेंटमधील चर्चा व पलटणींच्या नोंदी यांच्याशी ही छायाचित्रे ताडून पाहिल्यास मुंबई इलाख्यातील त्या अनामिक माणसांना इतिहासात काही अंशी तरी स्थान देता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी हा विषय निश्चितच उपयुक्त ठरावा.