प्रकाशकणांची मोजदाद

सूस गांवाहून खिंड ओलांडून पाषाणास उतरलें, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था लागते. तेथें १९८६ सालापासून लेसरचा झोत आकाशांत सोडून हवेंतील धूलिकणांची पाहणी होऊं लागली. आरंभींचा झोत अखंड होता. पुढें क्षणाच्याही अत्यल्प अंशापुरते स्पंद सोडणारें यंत्र आलें. अशा एका स्पंदांत प्रकाशकण किती, हें सांगतां आल्याखेरीज त्या पाहणीस अर्थ नाहीं.

प्रकाशास कण असतात असें मानल्यावांचून ते मोजण्याची गोष्टच संभवत नाहीं. १९०० सालीं प्लांक यांनीं ऊर्जेचीं ठराविक पुडकीं कल्पिलीं. १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं ती कल्पना खुद्द प्रकाशास लावली. कंपनसंख्या कळली कीं एका कणाची ऊर्जा कळते, हें तेव्हांच ठरलें. परंतु एकाच रंगाच्या प्रकाशाचा असा स्पंद हातीं येण्यास १९६० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंत मेमन यांनीं माणकाचा लेसर चालविला. पहिल्या दिवसांत या लेसरांचें सामर्थ्य कसें सांगत, तें ऐकून हसूं येईल: झोतानें दाढीचीं जितकीं पातीं भेदलीं, तितके ‘जिलेट’! शास्त्रज्ञांनाही थट्टा वर्ज्य नसते. खरें माप उष्णतेचें. काळ्या पदार्थावर स्पंद पाडावा आणि तो किती तापला तें पाहावें. माणकाच्या तांबड्या प्रकाशाची एक ज्यूल ऊर्जा म्हणजे ३५ वर १७ शून्यें इतके कण!

आतां पाषाणच्या कामास साजेसें उदाहरण घेऊं. प्रकाश हिरवा, तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. सेकंदास २५०० स्पंद. मापकावर सरासरी शक्ति २५ मिलिवॅट. शक्तीस स्पंदसंख्येनें भागिलें असतां एका स्पंदाची ऊर्जा १० मायक्रोज्यूल निघते. तीस एका कणाच्या ऊर्जेनें भागावें. उत्तर येतें सुमारें २७ लक्ष कोटी. दोनच भागाकार; मॅट्रिकचा विद्यार्थीही करील. मात्र मापक शेंकडा पांच चुकला, तर उत्तर सव्वा लक्ष कोटींहून अधिक सरकतें. आदर्श लेसरमध्येंही कणसंख्या स्पंदागणिक कमीअधिक होते, पण ती ५२ लक्षांच्या आसपास. मापकाच्या चुकीपुढें ती नगण्यच. तेव्हां उत्तराचे चौदाही आंकडे लिहून काढणें हा केवळ डौल होय.

आकाशांतून परतणारे कण इतके विरळ कीं ते एकेक करून मोजावे लागतात. परतलेले व सोडलेले यांच्या प्रमाणावरून हवेंतील धूळ ठरते. सोडलेले कण शेंकडा पांच अधिक धरले गेले, तर सूस-पाषाणच्या टेंकड्यांवरील धूळ कागदावर जवळजवळ तितकीच कमी दिसेल. तेथें श्वास घेणाऱ्यास मात्र त्याचा पत्ताही लागणार नाहीं.