सामाईक आपत्कालीन रेडिओ यंत्रणा (अमेरिका)

सामाईक आपत्कालीन रेडिओ यंत्रणा म्हणजे पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा इत्यादी सार्वजनिक सुरक्षा विभागांनी एकत्रितपणे वापरावयाची आणि बहुधा अनेक स्थानिक शासनसंस्थांनी मिळून विकत घेतलेली बिनतारी संदेशयंत्रणा होय. भारतात पोलीस हा विषय राज्यांकडे आहे. अमेरिकेत मात्र बहुतेक पोलीस व अग्निशमन दले शहर, गाव किंवा काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक) यांच्या अखत्यारीत असतात. त्यामुळे नदीच्या एका काठावरील पोलीस आणि दुसऱ्या काठावरील अग्निशामक यांची साधने वेगळी, खरेदी वेगळी आणि रेडिओलहरीही वेगळ्या, अशी स्थिती तेथे अनेक दशके होती.

पार्श्वभूमी

कोणी १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरी, कोणी ४५० च्या, तर कोणी ८०० च्या. एका पट्ट्यासाठी बनवलेल्या संचावर दुसऱ्या पट्ट्यावरील बोलणे ऐकू येत नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे एअर फ्लोरिडाचे विमान पोटोमॅक नदीवरील पुलाला धडकून गोठलेल्या पाण्यात कोसळले. या दुर्घटनेत ७८ जण मृत्युमुखी पडले. मदतीसाठी धावलेल्या विविध दलांना परस्परांशी रेडिओवरून बोलता येईना.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हाच दोष अधिक भीषण रूपात दिसला. जागतिक व्यापार केंद्राचा उत्तर मनोरा फार काळ टिकणार नाही, असा इशारा पोलीस हेलिकॉप्टरमधून दिला गेला. परंतु तो पोलिसांच्या वाहिनीवर होता आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना ती वाहिनी ऐकू येत नव्हती. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण मरण पावले. या मृत्यूंचे सारे खापर रेडिओवर फोडले जाते, ते मात्र योग्य नव्हे. चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात रेडिओतील तांत्रिक बिघाड हे एक कारण मानले, मुख्य कारण मानले नाही. दोन दलांमधील समन्वयाचा अभाव नवे संच घेऊन आपोआप दूर होणारा नव्हता.

कार्यपद्धती

जुन्या पद्धतीत प्रत्येक विभागाला एक ठरावीक वाहिनी दिलेली असे. ती रिकामी असली तरी शेजाऱ्याच्या उपयोगी पडत नसे. आधुनिक 'ट्रंक' पद्धतीत सर्व वाहिन्या एकत्र ठेवल्या जातात. संचाचे बटण दाबताच नियंत्रक संगणक त्या क्षणी मोकळी असलेली वाहिनी बोलणाऱ्याच्या गटाला देतो आणि बोलणे संपताच परत घेतो. बँकेत प्रत्येक खिडकीसमोर वेगळी रांग लावण्याऐवजी एकच रांग लावून मोकळ्या खिडकीकडे माणूस पाठवावा, तसा हा प्रकार आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकमेकांशी बोलू शकावेत यासाठी 'प्रोजेक्ट २५' या सामाईक मानकाचे काम १९८९ मध्ये सुरू झाले.

मिनेसोटाचे उदाहरण

मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने १९९५ मध्ये मिनीॲपोलिस–सेंट पॉल महानगर परिसरासाठी एक रेडिओ मंडळ स्थापन केले. त्यातून उभी राहिलेली ८०० मेगाहर्ट्झची यंत्रणा 'आर्मर' या नावाने ओळखली जाते. पुढे ती राज्यभर पसरली. तिची आर्थिक मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. मनोरे व जोडणीचा मूळ सांगाडा राज्याचे परिवहन खाते सांभाळते आणि त्याचा खर्च मुख्यतः दूरध्वनी बिलांवरील ९११ अधिभारातून भागतो; हातातील व गाड्यांतील संच, नियंत्रण कक्षातील सामग्री आणि स्थानिक गरजेचे जादा मनोरे यांचा खर्च काउंट्या व शहरे उचलतात.

१ ऑगस्ट २००७ रोजी सायंकाळी मिनीॲपोलिसमधील आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा पूल मिसिसिपी नदीत कोसळला. १३ जण मृत्युमुखी पडले, १४५ जखमी झाले. मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यावर असह्य ताण आला, परंतु पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या सामाईक यंत्रणेवरून बोलत राहिल्या.

खरेदी व अडचणी

सामाईक खरेदीसाठी स्थानिक शासनसंस्था आपसांत करार करून संयुक्त मंडळ नेमतात, किंवा एका संस्थेने निविदा काढून ठरवलेल्या दराने इतरही खरेदी करतात. केंद्र शासनाची अनुदानेही मिळतात. तथापि ती बहुधा एकदाच मिळतात आणि देखभाल कायमची असते. प्रोजेक्ट २५ च्या एका हातसंचाची किंमत काही हजार डॉलरांपर्यंत जाते. अमेरिकेतील बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवक आहेत. वीस स्वयंसेवकांच्या एखाद्या खेड्यातील दलाला ही रक्कम बंबाच्या खर्चाइतकीच डोईजड वाटते. शिवाय मानक एक असले तरी काही कंपन्या आपल्या संचांत मानकाबाहेरील खास सोयी देतात. त्या एकदा स्वीकारल्या की पुढील खरेदी त्याच कंपनीकडून करणे भाग पडते. बोलणे गुप्त ठेवण्याची सोय हे याचे ठळक उदाहरण होय: शेजारच्या गावाकडे तीच पद्धत व तीच किल्ली नसेल, तर नव्या कोऱ्या संचांतूनही दोन दले परस्परांसाठी मुकी राहतात.

एकत्र येण्यातील दिरंगाईची किंमत फ्लोरिडात दिसली. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलँड येथील शाळेत झालेल्या गोळीबारात १७ जणांचा बळी गेला. तेथे पोहोचलेल्या कोरल स्प्रिंग्ज शहराच्या पोलिसांची रेडिओ यंत्रणा ब्रॉवर्ड काउंटीच्या यंत्रणेहून वेगळी होती. त्यातच काउंटीची जुनी यंत्रणा बोलणाऱ्यांच्या गर्दीने तुंबली आणि अनेकांचे संदेश गेलेच नाहीत. पुढे नवी यंत्रणा उभारतानाही एका मनोऱ्याच्या जागेवरून काउंटी आणि हॉलीवूड शहर (फ्लोरिडातील, चित्रपटांचे नव्हे) यांच्यात वाद होऊन काम रेंगाळले.

मोबाइल जाळ्याचा पर्याय

२०१२ च्या एका कायद्यान्वये केंद्र शासनाने सुरक्षा विभागांसाठी 'फर्स्टनेट' हे देशव्यापी मोबाइल जाळे उभारण्याचे ठरवले. २०१७ मध्ये एटी अँड टी कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला. छायाचित्रे, नकाशे व माहिती पाठवण्यास ते उपयुक्त आहे. परंतु तळघरात किंवा डोंगरदरीत मनोऱ्याचा संपर्क तुटला, तरी रेडिओ संच एकमेकांशी थेट बोलू शकतात. त्यामुळे अनेक काउंट्या फर्स्टनेटची सेवा घेऊनही रेडिओ यंत्रणेवरील खर्च थांबवू शकलेल्या नाहीत.