३ जानेवारी १८१५ : व्हिएन्नाचा गुप्त तह

नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्ना येथे भरलेल्या परिषदेत, पोलंड व सॅक्सनी यांच्या वाटणीवरून जेत्यांतच वितुष्ट आले असता, ऑस्ट्रियाचे मेटर्निख, इंग्लंडचे कॅसलरे आणि पराभूत फ्रान्सचे तालेराँ यांनी या दिवशी रशिया व प्रशियाविरुद्ध गुप्त तहनाम्यावर सह्या केल्या. प्रत्येकी दीड लाख फौजेची हमी दिली. युद्ध टळले, वाटणीत तडजोड झाली. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी ज्याची राजधानी शत्रूच्या हाती गेली होती, त्या राष्ट्राला मसलतीत बरोबरीचे आसन मिळाले, हे आजही स्मरणीय आहे; पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिसमध्ये जर्मनीला वाटाघाटींबाहेर ठेवणाऱ्यांनी ते औदार्य दाखविले नाही, याची खंत वाटते. तहाची प्रत पॅरिसच्या दफ्तरात राहिली. एल्बा बेटावरील हद्दपारीतून परतलेल्या नेपोलियनने ती झार अलेक्झांडरकडे रवाना केली, तरी झारने दोस्तांची साथ सोडली नाही.