साबतांग

फिलिपीन्सच्या उत्तर टोकाला असलेल्या बाटानेस प्रांतातील एक बेट व त्याच नावाची नगरपालिका. स्थान सु. 20° 20′ उ. अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण कटिबंधातच. क्षेत्रफळ सु. 41 चौ. किमी.; लोकसंख्या सु. 1,700 (2020). लोकसंख्या आणि भूक्षेत्र या दोन्ही बाबतींत बाटानेस हा देशातील सर्वांत लहान प्रांत असून (लोकसंख्या 18,831; 2020) त्याच्या सहा नगरपालिकांपैकी साबतांग ही एक. दर्जा नगरपालिकेचा असला तरी वस्ती खेड्यांचीच आहे. मालाकदांग, सिनाकान, साविदुग, चावायान, सुमनांगा आणि नाकानमुआन असे सहा बारांगाय (सर्वांत खालचे प्रशासकीय घटक) बेटाच्या किनाऱ्याने विखुरले आहेत. पहिले दोन एकमेकांना लागून असल्याने तोच भाग बेटाचे मुख्य गाव समजला जातो. पश्चिमेचे इवुहोस हे छोटे बेट याच नगरपालिकेत मोडते. तेथे बोटीच्या आकारात दगड रचलेली जुनी दफनस्थळे आहेत.

साबतांगला विमानतळ नाही. प्रांताची राजधानी बास्को ही बाटान बेटावर आहे. तेथून रस्त्याने इवाना बंदर गाठायचे आणि पुढे ‘फालोवा’ने अर्धा-पाऊण तासात खाडी ओलांडायची. फिलिपीन्समधल्या बहुतेक होड्यांना दोन्ही बाजूंना उलांड्या असतात. फालोवाला त्या नसतात. तिचे बूड गोल आणि पोट खोल असते. येथील आखूड, उसळत्या लाटांत उलांडी मोडायला वेळ लागत नाही, म्हणून ही घडण. प्रवासी, तांदळाची पोती आणि शेळ्या एकाच होडीतून जातात. प्रशांत महासागर आणि पश्चिमेकडचा समुद्र या खाडीत भिडतात, त्यामुळे खेपा शक्यतो सकाळी उरकतात. वारा फिरला की बेटाचा संपर्क तुटतो.

येथील लोक इवाटान. त्यांची भाषा तैवानच्या लान्यू बेटावरील ताओ लोकांच्या भाषेची जवळची नातलग आहे. साविदुगजवळच्या वाळूच्या टेकड्यांत उत्खननात मडक्यांतली दफने मिळाली, त्यावरून वस्तीचे प्राचीनत्व कळते. त्याच गावालगत एक ‘इजांग’ आहे. इजांग म्हणजे उभ्या कड्यांची, माथ्यावर लढाऊ वस्ती असलेली टेकडी. 1687 मध्ये येथे आलेल्या विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने कड्यांवर ओळीवर ओळ रचलेली ठेंगणी घरे आणि एका ओळीतून वरच्या ओळीत नेणाऱ्या शिड्या यांचे वर्णन केले आहे. शिडी वर ओढून घेतली की शत्रूला वाट उरत नसे. त्याच्यासोबतच्या खलाशांना येथील उसाची दारू इतकी आवडली की तिच्यावरून बेटांना ‘बाशी’ हे नाव पडले. तैवान आणि बाटानेस यांमधल्या सामुद्रधुनीला ते आजही आहे.

स्पॅनिश सत्ता येथे औपचारिकपणे 1783 मध्ये आली, म्हणजे मनिलाहून दोन शतकांनी उशिरा. तिला साबतांगने सहजासहजी मान दिला नाही. सरकारी माणसे लाकूड आणि धान्य मोबदला न देता उचलून नेऊ लागली, तेव्हा मालाकदांगचा प्रमुख आमान दांगात याने उठाव केला. 1791 मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला, बेटावरच्या लोकांना उठवून बाटान बेटावर नेऊन बसवले आणि इजांगांवर राहण्यास बंदी घातली. लोक परतले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते किनाऱ्याला, चर्चभोवती वसले. आजची गावे ही त्या पुनर्वसाहतीचीच आहेत.

साबतांगचे नाव झाले ते दगडी घरांमुळे. पर्यटन-पत्रके त्यांना अतिप्राचीन ठरवतात, पण ते बरोबर नाही. जुनी घरे लाकूड व गवताची, बुटकी असत. दगड चुन्यात बांधण्याची कला स्पॅनिशांच्या काळात आली. पोवळ्याचे दगड भाजून चुनकळी काढत आणि त्या चुन्यात गोटे बसवून हातभर ते दोन हात जाडीच्या भिंती उभारत. तीन भिंतींना लहान खिडक्या ठेवून, जिकडून वादळ जोराने येते तिकडची भिंत सलग सोडत. छपरावर कोगोन गवताचा जाड थर असतो. शाकारणी हे एका घराचे काम नव्हे: अख्खा गाव राबतो, आणि घरधनी सर्वांना जेवू घालतो. या श्रमदानाला ‘यारू’ म्हणतात. नीट बसवलेले छप्पर वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते. वादळाची वर्दी मिळाली की छपरावर दोरखंडाची जाळी टाकून ती जमिनीला आवळून बांधतात. चावायानमधील सांता रोसा दे लिमा हे छोटे प्रार्थनामंदिरही गवतानेच शाकारलेले आहे.

चावायानच्या बायकांचे ‘वाकुल’ तर प्रसिद्धच आहे. आपल्याकडच्या शिंदीच्या गोतातल्या ‘वोयावोय’ या झाडाची पाने चिरून, वाळवून त्यांचे तंतू गाठी मारत जोडतात. डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारे हे झुबकेदार आवरण कोकणातल्या इरल्याचेच काम करते, आणि उन्हातही चालते. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात, हा त्याचा मोठा गुण. पुरुष याच तंतूंचे जाकीट घालतात.

वाऱ्यापुढे उभी पिके टिकत नाहीत, म्हणून अन्न जमिनीखालचे: कोनफळ, रताळी, अळकुड्या, जोडीला लसूण. तांदूळ बाहेरून येतो. केळीचा गड्डा किसून त्यात मासा किंवा डुकराचे मांस घालून केलेले ‘उवुद’चे गोळे हा सणावाराचा पदार्थ. मार्च ते मे हा समुद्र शांत असण्याचा हंगाम. तेव्हा आधी उडते मासे पकडतात आणि त्यांनाच आमिष लावून डोराडो हा मोठा मासा गळाला लावतात. दोन्ही मासे चिरून दांड्यांवर वाळत घालतात. पावसाळ्याची बेगमी तीच. गुरे व शेळ्या मोकळ्या कुरणांवर चरतात.

1993 पासून बाटानेसचा भूप्रदेश व सागरप्रदेश युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत आहे. 2016 च्या कायद्याने प्रांत जबाबदार पर्यटनक्षेत्र म्हणून घोषित झाला. पाहुणे बहुधा सकाळी येऊन त्याच दिवशी परततात, त्यामुळे साविदुग, चावायान आणि मोरोंगच्या किनाऱ्यावरची दगडी कमान एवढेच त्यांच्या पदरी पडते. खरी अडचण घरांचीच आहे. मेरांटी (2016) आणि चांथू (2021) या वादळांनी प्रांताला झोडपले. जुलै 2019 च्या भूकंपात शेजारच्या इतबायात बेटावर चुन्यातल्या भिंती कोसळून माणसे दगावली. वाऱ्यासाठी बांधलेली भिंत हादऱ्यापुढे दुबळी ठरली. शाकारणीला लागणारी तरुण माणसे शिक्षण-नोकरीसाठी मनिलाकडे जातात, तेव्हा एखादे छप्पर गळू लागले की मालक पत्रे घालून मोकळा होतो. नवे घर बांधणारा सिमेंट-काँक्रीटच निवडतो, आणि भूकंपानंतर त्याला नाव ठेवणे अवघड आहे.