शोभेची पानझाडे, घरातील (सातारा व सांगली जिल्हे)

पानांचा आकार, रंग आणि नक्षी यांसाठी घरात कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या उष्णकटिबंधीय वनस्पती. बोलण्यात यांना ‘इनडोअर प्लांट’ किंवा नुसते ‘शोचे झाड’ म्हणतात. सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या घरांत नेहमी दिसणारी झाडे म्हणजे मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, ॲग्लोनिमा, पीस लिली, झेडझेड, स्नेक प्लांट, अरेका पाम, रबराचे झाड आणि कॅलाथिया.

या यादीतली पहिली आठ झाडे एकाच कुळातली आहेत आणि ते कूळ आपल्या परसातल्या अळूचे व सुरणाचे आहे (ॲरेसी). ही ओळख पटली की निम्मी निगा आपोआप कळते. मोरीच्या पाण्यावर, भिंतीच्या सावलीत अळू कसे माजते आणि उघड्या उन्हात त्याचे पान कसे करपते, हे प्रत्येक जुन्या घराने पाहिलेले असते. मॉन्स्टेरा मेक्सिकोच्या दक्षिणेकडचा, मनीप्लांट प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा, झेडझेड पूर्व आफ्रिकेचे. तरी रानातला त्यांचा संसार सारखाच, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत किंवा बुंध्याला धरून. आपल्या सह्याद्रीतही त्यांचे भाऊबंद आहेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडांवर उगवणारा रुखाळू आणि बुंध्याला बिलगून चढणारा, फाटक्या-भोकांच्या पानांचा गणेशकंद पाहिला तर मॉन्स्टेरा परका वाटत नाही. मात्र कोयना व चांदोलीचे जंगल संरक्षित आहे. तिथून कंद उपटून आणणे हा गुन्हा आहे, आणि आणलेला कंद घरात टिकतही नाही.

उष्णकटिबंधीय म्हणजे उन्हाळा सोसणारे, ही समजूत या दोन जिल्ह्यांत सर्वांत अधिक झाडे मारते. या झाडांना हवी असते ती वर्षावनातली दमट, संथ उष्णता. आपल्याकडे तशी हवा फक्त पश्चिम कडेला आणि तीही चार महिने मिळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, सातारा शहरात सुमारे हजार, आणि माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पाचशेच्या आतबाहेर. घाटमाथ्यापासून दुष्काळी पट्ट्यापर्यंतचे अंतर एसटीने काही तासांचे आहे, पण तेवढ्यात झाडासाठी हवामान पार बदलते. म्हणून ‘मनीप्लांटला आठवड्यातून दोनदा पाणी घालावे’ यासारख्या नियमाला इथे अर्थ नाही. पाचगणीला जुलैत तेच पाणी मुळे कुजवते आणि आटपाडीत एप्रिलमध्ये ते पुरत नाही. झाडाची जात पाहण्याआधी आपले घर कोणत्या तालुक्यात आहे ते पाहावे, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

प्रकाश : दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्राची बारीक अक्षरे वाचता येतील, इतका उजेड बहुतेक पानझाडांना पुरतो. जुन्या वाड्यातला चौक ही यांची सर्वोत्तम जागा. आकाश उघडे असते, भिंतींमुळे तिरपे ऊन अडते आणि तुळशीवृंदावनाभोवती ओलावा असतो. माजघर मात्र फार अंधारे; तिथे स्नेक प्लांट आणि झेडझेडदेखील वाढत नाहीत, फक्त तग धरतात. फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी चांगली. दक्षिणेच्या खिडकीबद्दल विलायती पुस्तकांतला सल्ला इथे तसाच लागू होत नाही. सातारा-सांगलीचा अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर आहे. मेच्या पूर्वार्धात सूर्य इथे भर माध्यान्ही डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचे ऊन आत येत नाही, डिसेंबरमध्ये मात्र ते खोलीत खोलवर शिरते. खरा शत्रू पश्चिमेची खिडकी. मार्च ते मे दरम्यान दुपारी तीननंतर तिच्या काचेला टेकलेले पान एका दिवसात भाजते आणि तो पांढुरका-तपकिरी डाग पुन्हा हिरवा होत नाही. तिथे जाड पडदा लावावा किंवा कुंडी चार-पाच फूट आत घ्यावी. उजेड कमी पडला तर खूण उलटी दिसते. पेरांमधले अंतर लांबते, पाने लहान होतात, आणि पांढऱ्या-पिवळ्या छटांची झाडे हिरवी पडू लागतात, कारण पानाच्या रंगहीन भागात हरितद्रव्य नसते.

पाणी : पाण्याअभावी मरणाऱ्या झाडांपेक्षा मायेने मारलेली झाडे जास्त. बोट दोन पेरे मातीत खुपसावे; ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. घालायचे तेव्हा तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून कुजतात आणि मग मुळे नसल्यामुळे झाड कोमेजते. कोमेजलेले पाहून घरचे आणखी पाणी घालतात, हा नेहमीचा घात. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांच्या जाड पानांत व कंदांत पाण्याचा साठा असतो. त्यांची माती पूर्ण वाळू द्यावी. थंडीत तीन-चार आठवडे पाणी नसले तरी ती सुखात असतात.

बशीचे पाणी ओतून टाकण्याला दुसरे कारण डेंग्यूचे आहे. एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. बाटलीत ठेवलेल्या मनीप्लांटचे पाणी आठवड्यातून एकदा बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. नगरपालिका व ग्रामपंचायती ज्या दिवशी ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, त्याच दिवशी हे काम लावून घ्यावे.

पाणी कोणते घालतो, याला सांगलीकडे विशेष महत्त्व आहे. पूर्व भागातल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने वाळवा, पलूस, मिरज भागात जमिनी क्षारपड झाल्या, तेच कुंडीत लहान प्रमाणावर घडते. मातीवर व कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो आणि पानांचे शेंडे तपकिरी होतात. कॅलाथियाला हे आधी जाणवते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडांना घालण्याची सवय पसरली आहे. तिच्यामागची काटकसर चांगली आहे, पण मूळ पाण्यातले क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसावी. झाडांसाठी पावसाचे पाणी पिंपात साठवून झाकून ठेवावे. ते नसेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा कुंडीच्या तिप्पट-चौपट गोडे पाणी मातीतून वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात.

हवेतला ओलावा वाढवायला पानांवर फवारा मारतात, पण त्याचा परिणाम अर्धा-पाऊण तासच राहतो. कुंड्या एकत्र ठेवणे, माठाच्या तिवईशेजारची जागा देणे किंवा नाजूक झाडे न्हाणीघराच्या उजेडाच्या बाजूला नेणे अधिक उपयोगी. माण-जतकडे फिटोनियासारखी झाडे हवी असतील तर ती मोठ्या काचेच्या बरणीत लावावीत. बंद काचेत तोच ओलावा पुनःपुन्हा मातीत परततो. १८२९ साली लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला बाटलीत आपोआप उगवलेल्या नेच्यावरून हे उमगले, आणि पुढे तशाच काचपेट्यांतून झाडांची रोपे जहाजाने जगभर गेली.

माती : उसाची काळी माती कुंडीत भरू नये. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. कुंडीत ती काठापासून सुटते, वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो. महाबळेश्वर, पाटणकडची तांबडी माती, कोकोपीट आणि मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत समभाग घेऊन त्यात दोन मुठी भाताचे तूस किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. साखर कारखान्याची मळी पूर्ण कुजलेली असेल तरच थोडी वापरावी. कच्ची मळी तापते. खताचा हात आखडता ठेवावा. द्राक्षबागांमुळे १९:१९:१९ हे विद्राव्य खत कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही मार्च ते ऑक्टोबर या वाढीच्या काळातच. जीवामृत परसात उत्तम, दिवाणखान्यात नको.

हिवाळा : पारा १२ अंशांखाली गेला की डिफेनबेकिया, ॲग्लोनिमा यांची वाढ थांबते आणि पाने पिवळी पडून गळतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी काही पहाटे दव गोठते; तिथल्या घरांत रात्री कुंडी खिडकीच्या काचेपासून दूर ठेवावी.

कीड : पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी. पिठ्या ढेकणाची ओळख तासगावच्या द्राक्षबागायतदाराला करून द्यावी लागत नाही. घरात मात्र बागेची औषधे आणू नयेत. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने कीड पुसावी, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल व चार थेंब साबण घालून फवारावे. लाल कोळी कोरड्या हवेत वाढतो, म्हणून उन्हाळ्यात पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसणे हाच त्यावरचा पहिला उपाय. उसातल्या तणासाठी टू-फोर-डी मारलेला पंप या झाडांसाठी कधीही वापरू नये, कितीही धुतला तरी. त्याच्या अंशानेसुद्धा द्राक्षाचे पान कसे आक्रसते, हे इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे.

अळूच्या कुळाची खाज या झाडांतही आहे. पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू चिंच-आमसूल घालून शिजवतो ते त्याचसाठी. डिफेनबेकियाचे पान लहान मुलाने चावले तर तोंड व जीभ सुजते. तोंड धुवावे, थंड पाणी किंवा दूध द्यावे आणि सूज वाढली तर लगेच दवाखाना गाठावा. रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात ही कुंडी उंचावरच हवी.

ही झाडे घरातली हवा शुद्ध करतात, असे रोपवाटिकांत सांगितले जाते. त्याचा उगम नासासाठी १९८९ साली बंद कप्प्यांत झालेल्या प्रयोगांत आहे. २०१९ सालच्या एका आढाव्यात असे दिसले, की राहत्या घरात वाऱ्याच्या साध्या येण्याजाण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, कदाचित शेकडो. खिडकी उघडावी, झाड त्याच्या पानांसाठी ठेवावे.

महापूर व पुनर्लागवड : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. अशा वेळी तळमजल्यावरच्या कुंड्या दिवसेंदिवस गाळात बुडून राहतात. पाणी ओसरल्यावर मुळे वाचवण्याची खटपट बहुधा व्यर्थ असते. गाळ पानांवर वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावा आणि हिरवा राहिलेला शेंडा कापून घ्यावा. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन यांची कांडी उसासारखीच असते: डोळा असलेले एक पेर पुरे, नुसत्या पानाला मूळ फुटले तरी वेल होत नाही. कांडी उथळ पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये ठेवावी. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत तिला दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. हीच कांडी पौषात लावली तर महिनाभर जशीच्या तशी बसून राहते.